गाडी बदलण्याआधी हँडल मागे घ्या : दुचाकी आणि कंबरदुखी

दुचाकीमुळे होणाऱ्या पाठीच्या आणि कंबरेच्या दुखण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. उत्तरे दुचाकी फिटर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

माझी उंची ५ फूट ११ इंच. गाडी १०० सीसीची. चाकणच्या कंपनीत जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर होतात. घरी पोचेपर्यंत कंबर धरते. सीटवर जेलचे कव्हर घातले, फरक नाही. गाडीच बदलावी का? – एक वाचक

आधी एक रविवार सकाळ या गाडीला द्या. तुमची तक्रार बसकणीची नाही, सीट आणि हँडल यांमधल्या अंतराची दिसते. म्हणून जेलने काही केले नाही.

गाडी डबल स्टँडवर लावा, हेल्मेट घालून बसा आणि घरातल्या कुणाला तरी सीटच्या उंचीवरून, बाजूने फोटो काढायला सांगा. पाठ ताठ करून पोझ देऊ नका. अर्धा तास गाडी चालवल्यावर जसे बसता तसे बसा. उंच माणूस छोट्या गाडीवर बसला की गुडघे वर येतात, कमरेचे हाड मागे कलते आणि कमरेची नैसर्गिक आतली बाक पुसली जाते. त्यात गुडघ्यांना जागा मिळावी म्हणून तो सीटवर मागे सरकतो, मग हँडल आणखी लांब जाते. फोटोत कोपरे सरळ ताणलेली आणि पाठ कोयत्यासारखी गोल दिसली, तर दुखण्याचे मूळ तिथे आहे. वाकून बसल्यावर मणक्यांमधल्या चकतीवर पुढून दाब येतो, मागची बाजू ताणली जाते, आणि त्याच अवस्थेत प्रत्येक खड्डा तिला झेलावा लागतो.

मागे सरकून बसणे तुम्हाला गरजेचेच आहे. त्यामुळे हँडल तुमच्याकडे आणायचे. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे चारही बोल्ट काढू नका, फक्त सैल करा. हँडलवर एक टिंब कोरलेले असते, ती कंपनीची जागा. तिथून हँडल मागे फिरवा, मुठीचे टोक फार तर सेंटिमीटरभर मागे येईल इतकेच. बोल्ट आवळताना आधी पुढचे दोन, मग मागचे दोन. बऱ्याच गाड्यांत क्लॅम्पच्या मागच्या बाजूला फट राहते आणि ती राहायलाच हवी. फट बुजवायच्या नादात जोर लावला की क्लॅम्पला चीर जाते. शेवटी अंगाचा भार टाकून हँडल खाली दाबून बघा. तसूभरही फिरता कामा नये.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, जी बहुतेक जण विसरतात. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि हँडल डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. इंजिनचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे. अशी गाडी वळणावर आपोआप पळते. हँडल मूळ जागी न्या किंवा केबलचा मार्ग बदलून घ्या. मूठ आणि टाकी यांच्यामध्ये बोटे चेंगरत नाहीत ना, तेही पाहा. हँडल मागे फिरले की क्लच-ब्रेकचे लिव्हर वर उठतात. ते सैल करून खाली घ्या, इतके की बोटे लिव्हरवर ठेवल्यावर मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत राहील.

एवढ्याने अंतर भागले नाही, तर हँडल वर उचलणारे २० ते २५ मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे रायझर, बसवता येतात. ते तयार, आपल्या गाडीच्या मापाचे आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या लांब बोल्टांसह घ्या. नळीचे तुकडे कापून उंचावलेले हँडल आम्ही कुणालाही बसवू देणार नाही.

यानंतर चाकांची हवा. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्या माणसासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास सांगितलेली असते. नेमका आकडा पुस्तकात किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर मिळेल. पंपावर मात्र सरसकट ३५-४० मारून देतात. दगडासारखा फुगलेला टायर खड्ड्याचा धक्का पोटात घेत नाही, सरळ वर पाठवतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

मागच्या शॉकअपला खाली खाचांची कडी असते, साधारण पाच पायऱ्यांची. हुकासारख्या सी-पान्याने ती फिरते. वरच्या पायरीवर स्प्रिंग जास्त दाबलेली असते, ती डबलसीटसाठी. अनेक गाड्या वर्षानुवर्षे तिथेच अडकलेल्या आढळतात, कारण कुणीतरी एकदा कडक करून दिलेली असते. मोजायची सोपी रीत : डबल स्टँडवर मागचे चाक अधांतरी असताना चाकाच्या नटापासून सरळ वर ग्रॅबरेलपर्यंतचे (सीटमागच्या धरायच्या दांड्यापर्यंतचे) अंतर घ्या. मग गाडी स्टँडवरून काढून, कुणाला तरी धरायला सांगून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा आणि पुन्हा मोजा. फरक २५ ते ३० मिलिमीटर हवा. १५च्या आत आला तर एक पायरी उतरवा, ४०च्या पुढे गेला तर चढवा. दोन्ही शॉकअप एकाच पायरीवर हवेत. एका बाजूचे शॉकअप तेलाने ओले दिसत असेल, तर पायरी बदलून भागणार नाही, जोडी बदला.

पाकीट मागच्या खिशातून काढा. एका बाजूच्या कुल्ल्याखाली जाड पाकीट ठेवून रोज ६० किलोमीटर म्हणजे कंबर तिरपी ठेवूनच प्रवास.

आणि घरी पोचल्यावर पहिली पाच मिनिटे गाडी साइड स्टँडवरच राहू द्या. तासभर वाकून बसल्यावर पाठीचे अस्थिबंध ताणून सैल झालेले असतात, ते लगेच पूर्ववत होत नाहीत. नेमक्या त्याच वेळी माणूस उतरतो, वाकतो, एका झटक्यात डबल स्टँड लावतो आणि उसण भरते. आधी कमरेवर हात ठेवून सावकाश मागे वाका, आठ-दहा वेळा. मग अंगण चालून या. डबल स्टँड लावताना डावा हात हँडलवर, उजवा ग्रॅबरेलवर, उजवा पाय स्टँडच्या खुंटीवर. आधी स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचे तळपायाला जाणवू द्या, तोवर थांबा. मग पूर्ण वजन त्या पायावर टाकून उभे राहा. गाडी आपोआप मागे चढते, हात फक्त तोल सांभाळतात. हाताने उचलावी लागत असेल, तर तुम्ही वजन पायावर टाकलेले नाही.

फलटण तालुक्यात दूध घालतो. पहाटे साडेचारला दोन्ही बाजूंना २० लिटरचा एकेक कॅन. जाताना ठीक, येताना रिकाम्या गाडीचे धक्के कमरेत बसतात.

४० लिटर दूध म्हणजे ४१ किलो, वर कॅनचे वजन. या भारासाठी शॉकअप वरच्या पायरीवर आणि मागे डबलसीटची हवा, दोन्ही बरोबरच आहे. रिकामे परतताना तीच जोडणी एकट्याला फार कडक पडते. रोज पायरी बदलणे शक्य नसेल तर मधली, तिसरी पायरी ठेवा, आणि परतताना गतिरोधकावर सीटवरून उठा. कॅनचे हूक मागच्या चाकाच्या नटाच्या पुढे आणि शक्य तितके खाली घ्या. मागे लोंबणाऱ्या भाराने पुढचे चाक हलके होते, हँडल घट्ट धरावे लागते आणि खांदे-मान आखडतात.

तुमची खरी जोखीम मात्र रस्त्यावर नाही, गोठ्यात आहे. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास वाकून ओझे उचलणे त्यांना सर्वांत जड जाते. उठल्याबरोबर कॅनला हात घालू नका. आधी वैरण टाका, चाला, उभ्याची कामे करा. कॅन जमिनीवरून थेट हुकाला न लावता मध्ये गुडघ्याएवढ्या ओट्यावर ठेवा, मग अंगाला चिकटवून उचला. हात लांब करून उचललेला २० किलोचा कॅन कमरेला कितीतरी पट जड पडतो.

मी साडी नेसते, त्यामुळे मागे एका बाजूला पाय सोडून बसते. अर्ध्या तासात उजव्या कमरेत कळ येते. – एक वाचक, सांगली

दोन कारणे एकत्र आली आहेत. तुमचे पाय डावीकडे, तोंड मात्र पुढे. म्हणजे सगळा वेळ मणका पिळलेला. शिवाय डबलसीटची जागा मागच्या चाकाच्या जवळपास वरच असते, चालवणाऱ्याला लागतो त्याहून मोठा धक्का तुम्हाला लागतो, आणि तो तुम्हाला आधी दिसतही नाही.

लांबच्या प्रवासाला पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय सोडून बसता आले, तर तोच उपाय. साडीच असेल तर साडीगार्डला दोन्ही पावले पूर्ण टेकतील अशी रुंद पट्टी बसवून घ्या. एक पाय लोंबकळत राहिला की त्याचे वजन कमरेला ओढते. पट्टीची उंची अशी हवी की मांडी सीटला समांतर राहील. अगदी कडेला न बसता मांडीचा निम्म्याहून जास्त भाग सीटवर घ्या. एका हाताने ग्रॅबरेल धरा. गतिरोधक आला की चालवणाऱ्याने आधी सांगायचे, हा नियम घरात करा. भाजीची पिशवी मांडीवर नको, पुढे टाकीजवळच्या हुकाला. आणि दर वीस मिनिटांनी खाली उतरून चार पावले चाला.

वडिलांची क्रूझर, पाय पुढे सोडून बसायची. माझी खाली हँडलची स्पोर्ट्स. मुंबईहून सावंतवाडीला जायचे आहे. कुणाची बसण्याची पद्धत पाठीला वाईट? – ठाणे

पाचशे किलोमीटरसाठी दोन्ही अवघड, पण तऱ्हा वेगळी. क्रूझर आरामशीर वाटते ती पहिली पन्नास किलोमीटर. पाय पुढे असल्याने अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो, आणि खड्डा दिसला तरी पायांवर उठून तो झेलता येत नाही. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या हेलकाव्याला सर्वांत जास्त साथ देतो, आणि खराब रस्त्यावर गाडीचा हेलकावा त्याच्या फार दूर नसतो. वडिलांनी तासागणिक थांबायचेच. सीट बसली आहे का तेही पाहा. अंगठा जोरात दाबल्यावर खालचा पत्रा किंवा प्लास्टिक लागले, तर फोम संपला. सीटवाल्याकडून तळाला कडक, वर दोन सेंटिमीटर मऊ असा दोन थरांचा फोम भरून घ्या. नुसता मऊ फोम नको, तो दोन तासांत चपटा होतो.

तुमच्या गाडीवर मनगटे दुखू लागली की समजा, तुम्ही हातांवर झोपला आहात. गुडघ्यांनी टाकी पकडा, पोटाचे स्नायू हलके आवळा आणि वाकायचे ते कंबरेतून नाही, खुब्यातून. कोपरे पंखासारखी हलवता येतात का, ते अधूनमधून बघा. गतिरोधकावर सीटपासून फक्त दोन-तीन बोटे उठा, गुडघे वाकलेले ठेवून. पूर्ण उभे राहून धपकन बसलात तर उठण्याचा फायदा गेला.

कंबरेचा पट्टा वापरावा का?

लांबच्या प्रवासात बांधा, उतरल्यावर सोडा. दिवसभर बांधून ठेवण्याची सवय नको. पट्ट्यापेक्षा मार्जारासन, सेतुबंधासन आणि ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलण्याचा व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, रोज. चकतीचा त्रास असेल तर पश्चिमोत्तानासन करू नका.

डिलिव्हरीचे काम करतो, बॅग पाठीवर. आता डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात. गोळी घेऊन गाडी चालवतो. – नाशिक

बॅगेचे पट्टे इतके सैल करा की तिचा तळ मागच्या सीटवर टेकेल. मग पट्टे तिला फक्त धरून ठेवतील. पण तुमचे दुखणे आता कंबरेपुरते राहिलेले नाही. गुडघ्याखाली उतरणाऱ्या मुंग्या म्हणजे मज्जातंतूवर दाब असू शकतो. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर गाडी बंद, पण अंथरूण धरून पडू नका. एक-दोन दिवसांहून जास्त झोपून राहिल्याने पाठ आणखी आखडते. सपाटीवर थोडे थोडे चाला. गोळीने वेदना दबते आणि धक्के बसतच राहतात, म्हणून गोळी घेऊन गाडी चालवणे सर्वांत घातक.

पाऊल उचलताना चप्पल घसटू लागली, बसायच्या जागेची, जांघेची जाणीव बधिर झाली, लघवी अडली किंवा कळत नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात जा. दुचाकीवर मागे बसून नव्हे, गाडी किंवा रुग्णवाहिका बोलावून, आडवे होऊन.