न्यूट्रिनो : तो, ती की ते?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो जपानच्या खाणीत सापडले’ बरोबर, की ‘सापडली’?

सापडले. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला एक अतिसूक्ष्म कण. फोटो, रेडिओ यांच्यासारखाच हाही ‘तो’, आणि अनेकवचनातही तसाच. ‘न्यूट्रिनोज्’ तर मुळीच नको! टिळक रस्त्यावरच्या एका व्याख्यानात तासभर तेच ऐकून कान किटले. इटालियन शब्दाला इंग्रजी शेपूट कशाला?

कोशकार ‘लहान न्यूट्रॉन’ लिहून मोकळे होतात, तेही अर्धवट. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने 1930 साली हा कण कल्पिला तेव्हा तोच त्याला न्यूट्रॉन म्हणत होता. 1932 साली चॅडविकने शोधलेल्या जडशीळ कणाने ते नाव पटकावलं. न्यूट्रॉन इटालियनमध्ये ‘नेउत्रोने’, आणि इटालियन कानाला ‘-ओने’ म्हणजे थोराड, म्हणून तिथल्या आमाल्दी या भौतिकशास्त्रज्ञाने गमतीत लहानपणाचं ‘-इनो’ लावलं आणि त्याचा सहकारी फेर्मीने ते रूढ केलं. सुरा-सुरीसारखंच, फक्त इथे दोघांचं लोखंड एक नाही.

खरी मौज पुढेच. मुळाशी लॅटिन ‘नेउतेर’ : ने + उतेर, ‘दोहोंपैकी एकही नाही’. हा ‘उतेर’ आपल्या संस्कृत ‘कतर’चा (दोहोंपैकी कोणता) भाऊबंद. म्हणजे धनही नाही, ऋणही नाही असा हा कण ‘न-कतर’! लॅटिन व्याकरणात नपुंसकलिंगाला हाच शब्द. ‘नपुंसक’मध्येही तोच नकार ‘न’, आणि ‘असत्य’मध्ये होतो तसा त्याचा नेहमीसारखा ‘अ’ होत नाही. अशा हट्टी नकारांची यादी पाणिनीने एका सूत्रात (6.3.75) दिली आहे : नकुल, नख, नपुंसक... आणि लगेच नक्षत्र! पाणिनीवरच्या ‘काशिका’ या टीकेचे कर्ते सांगतात, जे क्षरत नाही, क्षीण होत नाही ते नक्षत्र. आधुनिक व्युत्पत्तिकार ही फोड हसण्यावारी नेतात. नेवोत बापडे, कण आणि तारा एका सूत्रात ओवलेले त्यांना कुठे सापडणार?

न क्षरणारं म्हणे! सुमारे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवरचा एक तारा क्षरलेला 1987 साली दिसला. 23 फेब्रुवारीला त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधीच पोचले. प्रकाशाला ताऱ्याचं कवच फुटेपर्यंत थांबावं लागतं. या न-कतराला कोणी अडवत नाही. डोंगर तर नाहीच, म्हणून तर त्याला पकडायच्या टाक्या जमिनीखाली : वरचा खडक इतर वैश्विक किरण गाळतो, हा आरपार येतो आणि क्वचित एखादा टाकीतल्या द्रवात लुकलुक उमटवून जातो. त्या दिवशी असे सापडले ते जपानमधल्या कामिओकाच्या खाणीत 11, अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीत 8, कॉकेशसच्या डोंगराखाली 5.

‘सापडली’ म्हणायला हे नपुंसकलिंगी अनेकवचन नव्हे, हे राहिलंच सांगायचं. नावातच नपुंसकलिंग असताना ‘तो’ कसा, हे मात्र लॅटिनवाल्यांनी विचारू नये.