त्याचा गुन्हा पुसू नकोस

पोरी,

उसात लपलेला फरारी खुनी आणि त्याला जीव लावणारी ऊसतोड टोळीतली मुलगी, ही तुझी एकांकिका दोनदा वाचली, सोबतची चिठ्ठीही. ‘सर, प्रेक्षक त्याला माफ करणार नाहीत म्हणून शेवटी तो निर्दोष निघतो असं केलंय, पण मलाच ते पटत नाहीये,’ असं लिहिलंयस. पटत नाही ते बरंच आहे. त्या माणसानं खून केलाय. पहिल्या पानावर तू ते धीटपणे लिहिलंस आणि शेवटच्या पानावर घाबरून मागं घेतलंस. त्याचा गुन्हा पुसू नकोस.

आधीच्या मसुद्यात तर तू त्याला बेचाळीसचा भूमिगत केलं होतंस. का केलंस तेही समजतं. आपल्या भागात फरारी म्हटलं की आधी इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं प्रतिसरकार आठवतं. नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत होते. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. सरकारच्या कागदावर तेही फरारीच. पण त्यांना भाकरी पोचवणाऱ्या पोराच्या मागं घर होतं, गाव होतं. फडक्यात भाकरी बांधून आईच पाठवायची. तुझ्या मुलीच्या मागं कोण आहे? तिला तर आईपासूनच लपवायचंय. सगळं नाटक तिथं आहे, आणि तू चळवळीचं मोठेपण उसनं आणून ते झाकतेस.

कायदाही बघून घे. गुन्हेगाराला आसरा देणं हा दंड संहितेत कलम २१२ खाली गुन्हा होता, नव्या न्याय संहितेत तो २४९ आहे. त्यातून सूट आहे ती फक्त नवरा-बायकोला. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही. तुझी मुलगी सहा वर्षांची. म्हणजे ती सुटते, पण तिनं आईला सांगितलं आणि आईनं जाणूनबुजून त्याला भाकरी पोचवली, तर आई अडकते. मुलीला कलम माहीत असायची गरज नाही, खाकी गाडी दिसली की आई कशी गारठते एवढं तिनं पाहिलेलं असलं तरी पुरे.

आता उसाचं. तू वाळव्याची, तुला मी काय सांगावं! आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, त्यात माणूस काय, हत्ती लपेल. पण दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या, तोड आली, की फड किती दिवस टिकतो? तुझी मुलगी टोळीतली, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहणारी. म्हणजे तिचे आईबाप रोज पहाटे उठून तोडतात तो त्याचाच आडोसा. हे तुझ्याच संहितेत आहे आणि तुला दिसलं नाही, याचा मला खरंच राग आला. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्या, वाढ्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे भारे बांधून झाले, की फड तेवढा मागं सरकलेला. मुलगी ते बघते. ‘उद्या जरा सावकाश तोड’ असं आईला म्हणू शकत नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायचीय. एवढं हातात असताना तुला निर्दोष माणूस कशाला हवा?

आणि त्यांच्यातली माया बोलून दाखवू नकोस. ‘तू माझी मुलगीच’ हे वाक्य आधी काढ. तो कांडी मोडतो. बुडख्याकडचं गोड कांडं तिला देतो, शेंड्याकडचं पचपचीत स्वतः चावतो. तेही बांधाकडं नजर ठेवून, पाचटानं चिरलेल्या हातांनी. प्रेक्षकाला कळतं.

मात्र त्याच हातांनी माणूस मारलाय. मेलेल्याला नाव दे, गाव दे, घर दे. त्याचंही एक लेकरू असेल, या मुलीच्याच वयाचं. ते लेकरू रंगमंचावर आलं नाही तरी चालेल, पण फरारीच्या तोंडून एकदा त्याचा उल्लेख येऊ दे. गुन्हा पुसलास की कांडं देणारा हात नुसता एका भल्या माणसाचा हात होतो, आणि भल्या माणसानं पोरीला ऊस दिला यात बघण्यासारखं काय आहे?

वाटेगाव तुझ्या घरापासून फार लांब नाही. १ ऑगस्ट १९२० ला तिथं अण्णाभाऊ साठे जन्मले. त्या वेळी बंडखोर फकिरा सरकारी खजिना लुटून परागंदा होता; बाळंतिणीला त्यानं ओंजळीनं सुरती रुपये दिले, असं सांगतात. ते लुटीचेच होते, हे सांगताना कुणी चोरून ठेवत नाही. बाळंतिणीची काळजी खरी आणि लूटही खरी.

मला ‘हट्टी म्हातारा’ म्हणतात, ते तू ऐकलं असशील. याच धर्तीचं एक नाटक आम्ही बसवलं होतं. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी सुचवलं, शेवटी खरा खुनी दुसराच निघू दे, पुढची फेरी नक्की. मी नाही म्हटलं. नाटक तिथंच थांबलं, संच पांगला. मुलीची भूमिका करणारी पोर फार गुणी होती. तिला त्यानंतर मोठा रंगमंच मिळाला नाही, ही बोच मला आजही आहे. पण तिनं दीड महिना तालमीत जे कमावलं होतं, ते एका खुन्यावर जीव लावणं होतं. शेवट बदलला असता तर तिची सगळी भूमिकाच खोटी पडली असती. तिच्याच बाजूनं उभा राहिलो मी. तिला तसं वाटलं की नाही, विचारायचं राहून गेलं. आज कुणी विचारलं तरी माझं उत्तर तेच आहे.

तू माझ्याएवढी अडून बस असं म्हणत नाही. प्रकाशयोजना, लांबी, गाणं, पात्रांची संख्या, जे म्हणतील ते बदल. फक्त गुन्हा पुसू नकोस.

शेवट आत्ता लिहायला घेऊ नकोस. आधी तोड सुरू होते तो प्रवेश नव्यानं लिही आणि रविवारी दुपारी घेऊन ये. मोबाईलवर पाठवलंस तर मी उघडणार नाही. समोर बसून मोठ्यानं वाच. जेवून येऊ नकोस, काकूनं हुरडा आणून ठेवलाय.

तुझा,
सर