आयजीई ४१२ आलंय, दूध-केळं बंद करू का?

प्रश्न : डॉक्टर, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. जूनपासून प्लेग्रुपला जातोय आणि तेव्हापासून महिन्याला एक सर्दी-खोकला ठरलेला, दोनदा छातीत घरघर झाली म्हणून नेब्युलायझर द्यावं लागलं. शेजारणीच्या मुलाची केली होती म्हणून आम्हीपण टोटल आयजीईची रक्ततपासणी करून घेतली, ती ४१२ आली, समोर ठळक 'हाय'. सासूबाई म्हणतात प्रतिकारशक्तीच कमी आहे, नवरा म्हणतो दूध, दही, केळं सगळं बंद कर. मी काय करू? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, दूध-केळं बंद करू नका, चालूच ठेवा, बाकीचं नंतर बोलू.

आयजीई म्हणजे ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी, हे खरं. पण ती जंत झाल्यावरही वाढते, एक्झिमा (त्वचेवरचे खाजरे चट्टे) असला की वाढते, आणि बऱ्याच रिपोर्टवर छापलेली रेंज मोठ्या माणसांची असते, लहान मुलांची वयाप्रमाणे वेगळी असते. उलट खरीखुरी ॲलर्जी असलेल्या मुलाची टोटल नॉर्मलसुद्धा येते. म्हणजे ४१२ या आकड्यावरून कशाची ॲलर्जी आहे हे कळत नाही, आणि प्रतिकारशक्ती कमी आहे असं तर मुळीच नाही, सासूबाईंना सांगा. (आकडा हजारांत, अंगावर वारंवार गळवं, परत परत न्युमोनिया, असं सगळं एकत्र असेल तर गोष्ट वेगळी, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.)

पहिल्यांदाच शाळेत गेलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होतातच, काहींना जास्त. एकाचं नाक वाहतं, तोच क्रेयॉन दुसऱ्याच्या तोंडात, झालं.

मला खरं विचारायचंय ते घरघरीबद्दल. सर्दी नसतानाही पळाल्यावर, खदाखदा हसल्यावर किंवा पहाटे तीन-चारला खोकल्याची उबळ येते का? तुम्हाला किंवा त्याच्या बाबांना दमा आहे का? लहानपणी त्याच्या गालांवर, कोपराच्या आतल्या बाजूला खाजरे चट्टे होते का? 'हो' जास्त असतील तर दम्याच्या दिशेने विचार करावा लागेल. फक्त सर्दीबरोबरच छाती वाजत असेल आणि मधले दिवस तो ठणठणीत असेल, तर ती बहुतेक व्हायरसची घरघर, वय वाढेल तशी बऱ्याच मुलांची जाते. पुढच्या वेळी छाती वाजली की शर्ट काढून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत मुलं शहाण्यासारखी श्वास घ्यायला लागतात आणि आम्हाला काहीच दिसत नाही.

पन्नास-शंभर पदार्थांचं ते महागडं ॲलर्जी पॅनल करू नका. रिपोर्टमध्ये वांगं, तांदूळ, गहू, सगळंच पॉझिटिव्ह आलेली मुलं मी बघते, बिचारी नुसत्या सफरचंदावर. दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत गांधी उठत नसतील, उलट्या होत नसतील, तर ते बंद करायचं कारणच नाही. संशय असेल त्याचीच रक्ताची स्पेसिफिक टेस्ट किंवा त्वचेवर टोचून करतात ती, आणि त्या टोचायच्या टेस्टआधी सर्दीचं अँटीहिस्टामिन सिरप काही दिवस थांबवावं लागतं, कधीपासून ते डॉक्टरांना विचारून घ्या. सिरपवरून आठवलं, मॉन्टेलुकास्ट (दमा-ॲलर्जीचं औषध) मनाने महिनोन् महिने चालू ठेवू नका. काही मुलं त्यावर चिडचिडी होतात, झोपेत दचकतात, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

घरात करायचं ते साधं आहे. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, भिंतीची ओल बघा, डासांची कॉइल आणि सिगरेट बंद, बाल्कनीतलीसुद्धा. अगरबत्ती त्याच्या खोलीबाहेर, हे सासूबाईंना जरा गोडीत सांगा. जंताचं औषध कधी दिलंय ते आठवून बघा, सहा महिने उलटले असतील तर डॉक्टरांना विचारा.

आणि घड्याळ लावून श्वास मोजायला शिका, तो शांत झोपलेला असताना पूर्ण एक मिनिट. चाळीस किंवा जास्त भरले, पोट उडत असेल, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर मला पत्र लिहीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.