कॅथॉलिक घरात संताच्या अवशेषाला इतका मान का? मी त्यापुढे काय करावं?

तुमच्या होणाऱ्या सासुरवाडीत प्रार्थनेच्या जागी एका संताच्या अस्थीचा कण ठेवलाय, घरातले त्याला ओठ लावतात, आणि ही हाडांची पूजा तर नव्हे, असं तुम्हाला वाटतंय. मी जन्मापासून कॅथॉलिक आहे, म्हणून सांगतो. आराधना फक्त देवाची. संतांना मिळतो तो आदर. पवित्र प्रतिमांबाबत हाच फरक निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने 787 साली मांडला होता.

प्रथा त्याहून खूप जुनी. दुसऱ्या शतकात स्मुर्णाचे (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाले आणि त्यांचा देह जाळण्यात आला. लोकांनी अस्थी वेचल्या, त्या रत्नांहून मोलाच्या मानल्या आणि दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमायचं ठरवलं. मला यात घरचीच माणसं दिसतात. आई गेल्यावर तिचा चष्मा कोण टाकून देतं? मृत्यूने नातं तुटत नाही, हा आमच्या श्रद्धेचा गाभा आहे. रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की आम्ही गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो, ती याच भरवशावर.

काही जण मात्र अवशेष ताईतासारखा वापरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. चर्चच्या कायद्यात, कलम 1190 मध्ये, पवित्र अवशेष विकायला साफ मनाई आहे. कुणी विकत देऊ केला तर घेऊ नका.

फ्रान्समधले लुई आणि झेली मार्टिन हे जोडपं मला फार जवळचं वाटतं. तो घड्याळजी, ती लेस विणणारी. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली, झेली 1877 मध्ये कर्करोगाने गेली. लुई रविवारी दुकान उघडत नसे, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. त्यांची मुलगी तेरेझा (लिज्यूची, मदर तेरेझा नव्हे) आधी संत झाली आणि 2015 मध्ये या दोघांनाही एकत्रच संतपद मिळालं. म्हणजे आज आदराने जपले जातात ते अवशेष मुलांची आजारपणं काढणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या माणसांचे आहेत.

तुम्ही ओठ लावलेच पाहिजेत असं मुळीच नाही. शांत उभे राहा, तेवढं पुरे. रोझरीला सोबत बसलात तर सासूबाईंना नक्की बरं वाटेल. आणि हा अवशेष कुणाचा, घरात कसा आला, हे त्यांनाच विचारा. त्या आनंदाने सांगतील.