वाचकांचे प्रश्न : मे महिन्यात सावली दक्षिणेला का?

प्रश्न : सोसायटीच्या मुलांचं शिबिर आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात घेतो. दिशा ओळखायला पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काठी रोवून भर दुपारची सावली पाहिली. ती उत्तरेला पडायला हवी होती, पडली दक्षिणेला. होकायंत्रंही एकमेकांशी जुळेनात. कुठे चुकलं? (मानपाडा, ठाणे)

उत्तर : काठी बरोबर होती, पुस्तक इथलं नव्हतं. मध्यान्हीची सावली उत्तरेला पडते हे कर्कवृत्ताच्या वर बाराही महिने खरं. ठाणे त्याच्या खाली, साधारण १९.२ अक्षांशावर. १६ मेच्या आसपास सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीला उत्तरेकडेच राहतो. २५ मेला मीटरभर काठीची सावली जेमतेम तीन सेंटिमीटर, तीही दक्षिणेला. काठी जराशी कलली तरी एवढ्याशा सावलीची दिशा फिरते. शिवाय आपली मध्यान्ह घड्याळात बाराला नसते, ती १२.३५च्या सुमारास होते. 'सूर्य पूर्वेला उगवतो' यावरही विसंबू नका. त्या दिवसांत तो पूर्वेच्या २२ अंश उत्तरेला उगवतो.

त्यापेक्षा वर्तुळाची पद्धत घ्या. सपाट जमिनीवर मीटरभर काठी ओळंबा लावून उभी करा. तिच्या बुडाशी सुतळी बांधून ५० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. सकाळी पावणेअकराच्या आसपास सावलीचं टोक वर्तुळाला टेकून आत शिरेल, दुपारी अडीचच्या सुमारास बाहेर पडेल. दोन्ही वेळी तिथे खडा ठेवा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. दोन्ही जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. मधल्या वेळात मुलांना उन्हात बसवू नका, खुणेपुरतं एकेकाला पाठवा. सकाळच्या खुणेला दहा मिनिटं उशीर झाला तर दुपारी रेघ तिरकी येते, म्हणून साडेदहापासूनच कोणीतरी नजर ठेवावी.

होकायंत्रांचं म्हणाल तर तास पोडियमवर किंवा गच्चीवर घेतला असणार. स्लॅबमधल्या सळया, ग्रिल, उभ्या गाड्या, सगळं सुईला ओढतं. मातीच्या मैदानात जा, मोबाईल लांब ठेवा. चुंबकाच्या फ्लॅपचं कव्हर तर सर्वांत वाईट. आधी सगळी होकायंत्रं मीटरभर अंतरावर ओळीने मांडा. एखाद्याची सुई नेमकी उलटी दिसली तर ते चुंबकाजवळ राहून कायमचं फिरलंय, बाजूला काढा. परदेशी पुस्तकांत चुंबकीय उत्तरेची दुरुस्ती करायला सांगतात. आपल्याकडे तो फरक एका अंशाहूनही कमी, मुलांना त्यात अडकवू नका.

रात्री ध्रुव शोधायचा तर सप्तर्षींच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे, पुलह आणि क्रतु, यांतलं अंतर क्रतुच्या पुढे पाचपट न्या. ध्रुव इथे १९ अंशांवरच असतो, म्हणजे हात लांब धरून जवळपास दोन मुठी. समोर टॉवर असला की दिसतच नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला शिबिरातून कर्नाळ्याला नेणार आहेत. सॅकमध्ये काय द्यावं? (नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : सॅक वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको. मुलगी २८ किलोची धरली तर पावणेतीन किलो. त्यात पाणीच दोन लिटर, म्हणजे दोन किलो गेलं. उरलेल्या पाऊण किलोत टोपी, खाऊ, जास्तीचे मोजे आणि ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळी ओतली की पाणी दुप्पट खारट होतं आणि पोट बिघडतं. छोटी पुडी मिळाली तर त्यावरचं प्रमाण वाचून द्या. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तहान लागण्याआधीच दर वीस मिनिटांनी चार घोट. बडबडी मुलगी अचानक गप्प झाली किंवा लघवी गडद पिवळी दिसली तर सावलीत बसवून थांबायचं, हे तिच्या गटप्रमुखांशी आधीच बोलून ठेवा. शिट्टी गळ्यात नको, फांदीत अडकते. सॅकच्या पट्ट्याला बांधा. वाट चुकली तर जागच्या जागी थांबून तीन शिट्ट्या, हे घरीच दोनदा करून घ्या.