कोंड्याचा मांडा : बिअरच्या कारखान्यातील जवाचा चोथा पंगतीत वाढताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच असल्यामुळे हे पूर्ण सदर त्या विषयाला दिले आहे. पहिले पत्र सविस्तर आहे आणि त्याचे उत्तरही तसेच लांबले आहे.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी नाशिकमध्ये बारसे, साखरपुडा, साठीशांत अशा समारंभांची जेवणे करून देतो. पुढील समारंभाच्या यजमानांनी पर्यावरणाचा विचार केलेला, धान्य-कडधान्य-भाज्यांवर भर असलेला बेत मागितला आहे. पाहुणे साधारण 300 असतील. आमच्या परिचयातील एका ठिकाणी बिअर तयार होते आणि तेथील जवाचा चोथा आम्हाला मिळू शकतो. परदेशात त्याचे पीठ करून पाव आणि बिस्किटे बनवतात, असे वाचनात आले. आपल्या जेवणात तो कसा वापरावा, किती लागेल आणि त्यात धोका कोणता?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक गाळून घेतला की मागे जो चोथा राहतो, तो आपल्याकडच्या जुन्या गृहिणी टाकून देत नसत, त्यात तीळ, मिरची आणि मीठ घालून त्याच्या वड्या उन्हात वाळवत आणि पावसाळाभर तळून खात. तुम्हाला मिळणारा चोथा याच कुळातला आहे, एवढे ध्यानात ठेवले तर त्याच्याविषयीची भीडही जाते आणि तो कसा हाताळावा हेही बरेचसे उमगते.

बिअरसाठी जव भिजवून त्याला मोड आणतात, ते मोड वाळवतात आणि भरडतात. हा झाला माल्ट. तो साधारण 65 ते 67 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की धान्यातीलच विकरे (एन्झाइम्स) त्यातील पिष्टाची साखर करतात. हे गोड पाणी गाळून पुढे नेतात, ते उकळताना त्यात हॉप्स नावाची कडवट फुले घालतात, थंड केल्यावर यीस्ट घालतात आणि मद्यार्क तयार होतो तो त्यानंतर. चोथा मात्र गाळणीपाशीच मागे राहिलेला असतो. म्हणून ताज्या चोथ्यात मद्यार्क नसतो आणि हॉप्सचा कडवटपणाही नसतो; त्याला भाजलेल्या पावाच्या कडेसारखा खमंग वास येतो. मात्र काळ्या रंगाच्या बिअरसाठी करपवलेला माल्ट वापरतात, त्याचा चोथा कॉफीसारखा कडू लागतो. तुम्ही फिकट माल्टचाच चोथा मागून घ्या. त्यात गहू, तांदूळ किंवा मका मिसळला होता का, हेही त्याच वेळी विचारून लिहून ठेवा.

साखर निघून गेल्यावर उरते ते मुख्यतः साल, तंतू आणि प्रथिने. कोरड्या वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे 20 टक्के प्रथिने आणि निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक तंतू असतात. अन्न म्हणून त्याचे मोल यातच आहे. पण पीठ बांधून धरणारे पिष्ट त्यात फारसे उरलेले नसल्यामुळे, नुसत्या चोथ्याच्या पिठाची भाकरी थापता येत नाही. पुरीत ते जास्त पडले की पुरी फुगत नाही आणि चकलीत घातले तर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. तेव्हा हे पीठ जोडीला घ्यायचे.

आता खरा धोका सांगतो. गाळणीतून निघालेल्या चोथ्यात 75 ते 80 टक्के पाणी असते, तो कोमट असतो आणि त्यात थोडी साखरही शिल्लक असते. जिवाणू आणि बुरशी यांना याहून सोयीची जागा मिळणार नाही. एका मे महिन्यात मी सकाळी आणलेला चोथा झाकणाच्या डब्यात तसाच ठेवला आणि संध्याकाळी झाकण उघडले, तेव्हा आंबूस वासाने सारे स्वयंपाकघर भरले; तो पूर्ण डबा मला खताच्या खड्ड्यात रिकामा करावा लागला. आंबट वास आलेला चोथा शिजवून किंवा तळून वाचवण्याचा मोह धरू नका, कारण बुरशीची काही विषे शिजवण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. चोथा गाळणीतून निघतो त्या वेळी तुमचा माणूस धुतलेली, झाकणाची स्टीलची भांडी घेऊन तेथे हजर असला पाहिजे. परत आल्यावर चोथा पातळ थरात पसरून लगेच शीतगृहात 5 अंशांखाली न्यावा किंवा त्याच दिवशी सुकवायला टाकावा. हे जमणार नसेल, तर हा पदार्थ बेतातून काढून टाकलेला बरा. आणखी एक गोष्ट : कारखान्यात हा चोथा बहुधा गुरांसाठी म्हणून उचलला जातो आणि तशाच हौदात किंवा ट्रॉलीत पडतो. माणसांच्या खाण्यासाठी तो वेगळा, स्वच्छ काढून देण्याची लेखी हमी कारखान्याकडून घ्या. तुमच्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना असेलच; त्याच फायलीत ही हमी लावून ठेवा.

मापाचा हिशेब असा आहे. 100 लिटर बिअरमागे सुमारे 20 किलो ओला चोथा निघतो. म्हणजे 500 लिटरच्या एका घाण्यातून 100 किलो ओला चोथा आणि तो सुकवून दळल्यावर 22 ते 27 किलो पीठ. तुमच्या 300 पाहुण्यांना प्रत्येकी दोन लहान थालीपिठे द्यायची, एकाला 40 ग्रॅम पीठ धरायचे, तर एकूण 24 किलो पीठ लागेल. त्यात 15 टक्के चोथ्याचे पीठ म्हणजे 3 किलो 600 ग्रॅम. एवढ्यासाठी 15 ते 16 किलो ओला चोथा पुरतो. पहिल्याच खेपेला 100 किलो उचलून आणण्याची चूक करू नका.

याच आकड्यातून दुसरी गोष्टही दिसते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. यजमानांना तुम्ही सांगाल की आम्ही वाया जाणारे धान्य वाचवले. पण हा चोथा बहुतेक ठिकाणी वाया जात नाही. तो दुभत्या जनावरांच्या गोठ्यात जातो आणि तेथे त्याची किंमत आहे. तुम्ही घेतलेल्या 15 किलोंनी कोणाच्या गाईची वैरण तुटणार नाही, पण कचऱ्यातून अन्न वाचवल्याचा दावा मात्र खरा ठरणार नाही. जे अन्न माणूस सरळ खाऊ शकतो ते त्याने सरळ खाल्ले, एवढेच म्हणा. ते खरे आहे आणि पुरेसेही आहे.

बेताचा मोठा लाभ दुसरीकडे आहे. 300 पानांवर पनीरची भाजी वाढायची, माणशी 80 ग्रॅम पनीर धरायचे, तर 24 किलो पनीर लागते. एक किलो पनीरला साधारण 5 ते 6 लिटर दूध लागते. म्हणजे केवळ एका भाजीसाठी 120 ते 144 लिटर दूध. त्या दुधामागे चारा, पाणी आणि जनावरांच्या रवंथातून बाहेर पडणारा मिथेन वायू आहे. त्या जागी मटकीची किंवा वालाची झणझणीत उसळ, हंगाम असेल तर हुरड्याची किंवा ओल्या हरभऱ्याची भाजी आणि वांग्याचे भरीत ठेवले, तर चोथ्याच्या चार किलो पिठाने जे साधणार नाही ते साधते. नाशिककर मिसळीवर जगतो. मोड आलेल्या कडधान्याचा रस्सा त्याला कमीपणाचा वाटत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील नागली आणि वरई तर आपल्या दाराशी आहेत. नागलीची भाकरी पानात आली की पाहुण्यांना हा बेत काटकसरीचा न वाटता आपल्या मुलखाचा वाटेल.

चोथ्याच्या पिठासाठी माझी पहिली पसंती भाजणीच्या थालीपिठाला आहे. भाजणीची धान्ये मुळातच भाजलेली असतात, त्यामुळे माल्टचा खमंगपणा तिच्यात मिसळून जातो. पीठ भिजवल्यावर अर्धा तास झाकून ठेवा, कारण तंतू सावकाश पाणी ओढतात आणि लगेच थापलेले थालीपीठ तव्यावर कोरडे पडून कडेने फाटते. त्याखालोखाल कोथिंबीर वडी : पाच वाट्या पिठात चार वाट्या बेसन आणि एक वाटी चोथ्याचे पीठ घेतले, तर बेसनाच्या चिकटपणाने वडी छान कापली जाते. मिसळीबरोबरचा पाव तुम्ही बेकरीतून खास करून घेत असाल, तर मैद्याच्या दहाव्या हिश्श्याइतके पीठ त्यात चालते. पाव तपकिरी आणि किंचित घट्ट होतो, रश्शात लवकर विरघळत नाही. गोडात मी ते घालणार नाही. लाडूत सालीचे कण जिभेवर येतात आणि पाहुणे लाडू अर्धवट ठेवतात. भुकेला कोंडा असे आपण म्हणतो, पण समारंभाला आलेला पाहुणा भुकेपोटी आलेला नसतो, त्याला चवीनेच जिंकावे लागते. म्हणून समारंभाच्या आठवडाभर आधी दहा-बारा माणसांना हे पदार्थ खाऊ घाला आणि ताटात काय उरते ते पाहा.

प्रश्न : ओला चोथा घरच्या गच्चीवर उन्हात सुकवला तर चालेल का? आणि तो गिरणीत दळून मिळतो का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, कारण त्या पातळ असतात. चोथ्याचा ढीग आतून ओलाच राहतो आणि सुकण्याआधी आंबतो. पावसाळ्यात तर हा विचारही नको. आधी तो स्वच्छ कापडात घट्ट पिळून पाणी काढा आणि मग 60 ते 65 अंशांवर ट्रे ड्रायरमध्ये पातळ थरात सुकवा. नाशिक जिल्ह्यात कांदा आणि भाजीपाला सुकवणारे उद्योग आहेत. त्यांच्यापैकी कोणी भाड्याने यंत्र देते का, ते विचारून पाहा. मात्र कांदा सुकवलेले ट्रे धुतल्यावरही वास धरून ठेवतात, तेव्हा आधी एक ट्रे चोथा सुकवून त्याचा वास घ्या. ओलावा 10 टक्क्यांच्या खाली आला की चोथा मुठीत दाबल्यावर गोळा न होता खुळखुळतो. पल्व्हरायझरमध्ये दळून तो बारीक चाळणीने चाळा. चाळणीवर राहिलेली साल घशाला टोचते, ती खतात टाका. घराजवळच्या पिठाच्या गिरणीत तो दळू नये, असे मी आग्रहाने सांगतो. जवात ग्लुटेन हे प्रथिन असते आणि त्याच जात्यावर पुढे कोणी ज्वारी किंवा तांदूळ दळून नेणार असते, कदाचित ग्लुटेन न चालणाऱ्या मुलासाठी.

प्रश्न : आपल्या नाशिकला वाइनचे एवढे कारखाने आहेत. द्राक्षांचा चोथाही असाच वापरता येईल का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : येईल, पण तो जवाच्या चोथ्यासारखा समजू नका. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस काढतात आणि मग तो आंबवतात, म्हणून तो चोथा गोड आणि मद्यार्कविरहित असतो. लाल वाइनमध्ये रंग सालीतून उतरायचा असल्याने साल रसाबरोबरच आंबते आणि चोथा नंतर वेगळा होतो. त्यात मद्यार्क मुरलेला असतो. मद्य वर्ज्य मानणाऱ्या घरच्या समारंभात लाल वाइनचा चोथा वापरू नये. शिवाय फवारणीच्या औषधांचे अंश फळाच्या सालीवर अधिक राहतात, तेव्हा बागेतील फवारणीची नोंद पाहिल्याशिवाय तो स्वयंपाकघरात आणू नका. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च असल्यामुळे या चोथ्याचा प्रयोगही तेवढ्याच दिवसांत करता येतो.

प्रश्न : चोथ्यात मद्यार्क नसतो, तर मग तो बिअरच्या कारखान्यातून आला हे पाहुण्यांना सांगायची गरज काय? नाव ऐकूनच काही जण जेवणार नाहीत.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : जे जेवणार नाहीत, त्यांचा तो अधिकार आहे आणि तो त्यांना न कळत काढून घेणे मला मान्य नाही. पंगतीत वारकरी असतात, जैन असतात, व्यसन सोडलेली माणसे असतात. एखाद्याच्या घरात दारूने केलेली धूळधाण ताजी असते. रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने नसेल, तरी मन त्यांचे आहे. शिवाय सीलिअॅक रोग, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आतड्याचा विकार, असलेल्या माणसाला जव अपायकारक आहे आणि थालीपीठ ज्वारी-बाजरीचे असणार असे धरून तो निश्चिंतपणे दुसरे मागून घेईल. म्हणून यजमानांची संमती बेत ठरतानाच लेखी घ्या, चोथ्याचा पदार्थ वेगळ्या मेजावर, वेगळ्या पळीसह ठेवा आणि त्याच पदार्थाची चोथा नसलेली जोडही शेजारी ठेवा. ती वेगळ्या तव्यावर भाजलेली असावी. वाढणाऱ्या मुलांना कारखान्यातील प्रक्रिया दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे, कारण पाहुणा तुम्हाला शोधत येत नाही, तो समोर वाढणाऱ्याला विचारतो. मेजावर मोठ्या अक्षरांत अशी पाटी लावावी : ‘भाजणीचे थालीपीठ. यात बिअर तयार करताना गाळून उरलेल्या जवाच्या चोथ्याचे पीठ आहे. मद्यार्क नाही. ग्लुटेन आहे. चोथा नसलेले थालीपीठ डावीकडे आहे.’