जर्मनीत शिकायला आहे, भारतातून आणलेल्या फोनची स्क्रीन फुटली. कंपनीच्या सेंटरचा खर्च परवडत नाही. स्वस्तात कुठे करून मिळेल?

दुकानं पालथी घालायच्या आधी एक सांगा, फोन पडला कोणाच्या हातून? तुमच्याच हातून पडला असेल तर खिशाला कात्री लागणारच. पण रूममेटचा धक्का लागून पडला असेल, तर त्याचा 'हाफ्टफ्लिष्ट' विमा आहे का विचारा. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा हा विमा इथे बऱ्याच जणांकडे असतो. आपली मुलंही इथे आल्यावर घेतात आणि विसरून जातात. दुकानातून खर्चाचा लेखी अंदाज घेऊन तो विमा कंपनीला द्यायचा. फोन जुना असेल तर त्याच्या आजच्या किमतीपर्यंतच पैसे मिळतात, तेही काही वाईट नाही.

हे जमण्यासारखं नसेल तर फ्रँकफर्टच्या स्टेशनजवळची म्युन्शनर श्ट्रासे किंवा बर्लिनची झोनेनआले गाठा. मोबाइलला जर्मन लोक 'हँडी' म्हणतात, तशा पाट्या दिसतील. दुकानदार बरेचदा तुर्की, अरब, अफगाण किंवा पाकिस्तानी असतात. हिंदी चालली तर घासाघीसही होते.

तिथे गेल्यावर नुसतं "किती घेणार?" विचारू नका, "डिस्प्ले कोणता टाकणार?" हे आधी विचारा. खरी मेख इथेच आहे. डिस्प्लेचे ओएलईडी आणि एलसीडी असे दोन प्रकार असतात; मूळ फोनला ओएलईडी असला तरी स्वस्तात एलसीडी बसवून देतात. बोटाचा ठसा काचेखाली घेणारा फोन असेल तर एलसीडीमागे तो सेन्सर चालत नाही. माझ्या एका मित्राला हे घरी पोचल्यावर कळलं, आणि दुकानदार म्हणाला, "स्वस्तातलं तुम्हीच मागितलंत ना!" त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा.

पैसे देण्याआधी काउंटरवरच एखाद्या ॲपचा आयकॉन बोटाने दाबून धरा आणि सगळ्या स्क्रीनवर, अगदी कडेकडेने फिरवा. मध्येच सुटला तर तेवढ्या जागेचा टच गेलेला आहे. एक फोन लावून कानालाही धरून बघा, स्क्रीन काळी व्हायला हवी.

भारतातल्या फोनचं नाव तेच असलं तरी मॉडेल नंबर वेगळा असू शकतो. तो सेटिंगमध्ये बघून दुकानदाराला द्या. पार्ट इथे मिळतच नसेल आणि पुण्याहून कोणी येणार असेल, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करायला सांगा. बसवायची मजुरी मात्र आधी ठरवा, कारण बाहेरून आणलेला पार्ट बसवायला सगळे तयार होत नाहीत.

बिल, म्हणजे 'रेष्नुंग', घ्याच. "बिलाशिवाय कमी लावतो" म्हणाले तरी घ्या. आठवड्याने टच गेला तर बिलाशिवाय भांडणार कशावर? शिवाय थुरिंगिया या जर्मन राज्याने 2021 मध्ये आणि नंतर झाक्सन, बर्लिन या राज्यांनीही दुरुस्तीच्या खर्चातला काही भाग परत देणारी योजना आणली. निधी संपला की ती बंद होते, म्हणून तुमच्या राज्यात सध्या चालू आहे का ते आधी बघा. अर्ज करायचा तर बिल लागतंच.

आणि फोन दुकानात ठेवताना भारतातलं सिम काढून एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला. नेमका त्याच दिवशी बँकेचा ओटीपी यायचा असतो.